‘आठवड्यातून तीनदा’ चिनीत कसं म्हणायचं?

चीनमध्ये औषधाच्या डबीवर नेहमी दिसणारी एक ओळ आहे : ‘ई र सान त्स, ई त्स लिआंग फिएन’. शब्दाला शब्द लावला तर ‘एक दिवस तीन वेळ, एक वेळ दोन गोळी’. म्हणजे दिवसातून तीनदा, एका वेळी दोन गोळ्या. यात ‘दिवसातून’मधला ‘तून’ नाही, ‘गोळ्या’चं अनेकवचन नाही आणि क्रियापदाचाही पत्ता नाही. मोठं माप आधी, लहान माप नंतर, एवढ्या क्रमावर सगळा अर्थ उभा आहे.

मराठी माणसाला हा क्रम घरचाच वाटतो. आपणही दिवस आधी सांगतो आणि तीनदा नंतर. इंग्रजीच्या सवयीने चिनी शिकणारा मात्र पहिल्याच पायरीवर उलटा चालू लागतो, कारण त्याच्या तोंडात ‘तीनदा’ आधी येतं. आपला पाय घसरतो तो पुढच्या पायरीवर, वाक्यात क्रियापद आलं की. ‘मी आठवड्यातून तीनदा जातो’ या वाक्यात आठवडा आणि तीनदा दोघंही क्रियापदाच्या आधी बसले आहेत. चिनी भाषा या दोघांची ताटातूट करते :

वो ई क शिंगछी छ्यू सान त्स.
(मी – एक आठवडा – जातो – तीन वेळ.)

काळाची चौकट क्रियापदाच्या आधी, मोजणी क्रियापदाच्या नंतर. पुढे जे काही येईल, ते बहुतेक याच एका नियमाचे फाटे आहेत. शब्द पाठ असूनही वाक्य चुकतं, ते या जागांच्या घोळामुळे.

उच्चारांबद्दल आधी थोडं

इथे चिनी म्हणजे फूथोंगह्वा, आपण जिला मँडरिन म्हणतो ती. देवनागरीला एक फायदा आहे : चिनीत क-ख, त-थ, प-फ, च-छ हा फरक आपल्यासारखाच श्वासाचा आहे, म्हणून तो जसाच्या तसा लिहिता येतो. राजधानीचं नाव त्यामुळे इथे ‘पेइचिंग’ असं लिहिलं आहे. ‘फ’ म्हणजे ओठ मिटून म्हटलेला, दात ओठावर टेकून म्हणायचा तो ‘फ़’. ‘च़’ म्हणजे ‘चमचा’तला च. साधा ‘च’ म्हणजे ‘चिमणी’तला, काही शब्दांत मात्र तो जीभ मागे वळवून म्हणतात. ‘ष’ही तसाच, जीभ वळवूनच. आणि आपला नायक ‘त्स’, म्हणजे वेळ, खेप : ‘चमचा’तल्या च ला श्वासाचा जोर दिला की तो जमतो. शेवटचा अ गिळायचा नाही.

सूर चार आहेत : पहिला सपाट उंच, दुसरा चढता, तिसरा खालचा, चौथा तोडून खाली येणारा. याची गरज इथे लगेच पडते. ‘मेइ’ तिसऱ्या सुरात म्हटलं की ‘दर’, ‘प्रत्येक’. तेच दुसऱ्या सुरात म्हटलं की ‘नाही’. ‘दररोज’ आणि ‘नाही’ यांच्यात एवढंच अंतर आहे.

‘ई’ म्हणजे एक हा शब्द तर शेजाऱ्याप्रमाणे सूर बदलतो. मूळचा पहिला सूर. पुढचं अक्षर चौथ्या सुरातलं असेल तर ‘ई’ दुसऱ्या सुरात जातो : ई त्स (एकदा), ई पिएन (एक आवर्तन), ई थांग (एक खेप). पुढे पहिला, दुसरा किंवा तिसरा सूर असेल तर ‘ई’ चौथ्यात : ई थिएन (एक दिवस), ई निएन (एक वर्ष). क्रमवाचक शब्दात मात्र तो मूळ सूर सोडत नाही, म्हणून ‘ती-ई त्स’ म्हणजे ‘पहिल्यांदा’ यात ‘ई’ सपाटच. ‘एकदा’ आणि ‘पहिल्यांदा’ यांतला ‘ई’ एकाच सुरात म्हणणं ही नवशिक्यांची ठरलेली चूक.

चौकट : दर, रोज, महिन्यातून

‘दर’साठी ‘मेइ’. पण त्याच्यामागे ‘क’ हा मापशब्द (आकडा आणि नाम यांच्यामध्ये बसणारा, आपल्या ‘नग’सारखा शब्द) लावायचा की नाही, हे पुढचा शब्द ठरवतो. दिवस (थिएन) आणि वर्ष (निएन) यांना ‘क’ कधीच लागत नाही : मेइ थिएन, मेइ निएन. आठवड्याला (शिंगछी) लावला तरी चालतो, नाही लावला तरी चालतो. महिन्याला (युए) बोलताना लावतात : मेइ क युए. लेखी भाषेत ‘मेइ युए’ही दिसतं.

‘मेइ’ नसताना, नुसता आकडा असताना, या ‘क’चं वजन एकदम वाढतं. ‘ई क युए’ म्हणजे एक महिना आणि ‘ई युए’ म्हणजे जानेवारी. ‘लिआंग क युए ई त्स’ म्हणजे दोन महिन्यांतून एकदा. तिथे ‘अर युए ई त्स’ म्हटलंत तर ऐकणाऱ्याला फेब्रुवारीत एकदा असं वाटेल. आठवड्यातही असंच : ‘सान क शिंगछी’ तीन आठवडे, ‘शिंगछी सान’ बुधवार.

वारांचा हा आकडेमोडी स्वभाव पाट्यांवर आणखी एक सापळा लावतो. आठवड्याला ‘चौ’ असाही एक आटोपशीर शब्द आहे आणि वेळापत्रकांत तोच दिसतो. ‘मेइ चौ सान’ म्हणजे दर बुधवारी. ‘मेइ चौ सान त्स’ म्हणजे आठवड्यातून तीनदा. एका अक्षराने बुधवारचे तीन वार होतात. ‘मेइ चौ ई’ (दर सोमवारी) आणि ‘मेइ चौ ई त्स’ (आठवड्यातून एकदा) हेही त्यातलेच. पाटी वाचताना आकड्यानंतर ‘त्स’ आहे का, ते पाहूनच पुढे जायचं.

‘मेइ’ आलं की बहुतेकदा क्रियापदाच्या आधी ‘तौ’ (सगळे, झाडून) येतो : ‘वो मेइ थिएन तौ फाओपू’, मी रोज धावतो. आपल्याला तो फालतू वाटतो आणि आपण तो गाळतो. वाक्य कळतं, पण अळणी लागतं. ‘रोजच्या रोज’मधल्या दुसऱ्या ‘रोज’चं काम तो करतो असं समजा. पुढे मोजणी येणार असेल तर त्याची गरज उरत नाही : ‘मेइ थिएन छ सान त्स’, रोज तीनदा खातो. ‘थिएनथिएन’ (रोज रोज), ‘निएननिएन’ (वर्षानुवर्षं) अशी द्विरुक्तीही चालते. मराठीप्रमाणेच तिला जरा ठसका असतो.

‘दिवसाआड’साठी चिनीत ‘कऽ’ हा शब्द आहे, अर्थ ‘मध्ये अंतर ठेवून’. आपल्या ‘आड’चा तो सख्खा भाऊ. ‘मेइ कऽ ई थिएन’ किंवा नुसतं ‘कऽ थिएन’ म्हणजे दिवसाआड. ‘दोन दिवसांआड’ म्हणजे नक्की कितव्या दिवशी, यावर मराठीत जसा वाद होतो, तसाच तो चिनी माणसांतही ‘मेइ कऽ लिआंग थिएन’वरून होतो. मध्ये पूर्ण दोन दिवस सोडायचे की दर दोन दिवसांनी? औषध, पगार, पाणी सोडणं अशा ठिकाणी या भानगडीत पडूच नये. ‘मेइ सान थिएन ई त्स’ (दर तीन दिवसांनी एकदा) असं सरळ सांगावं. तास-मिनिटांत हा वाद उद्भवत नाही. ‘मेइ कऽ षवू फ़नचोंग’ म्हणजे दर पंधरा मिनिटांनी, यावर कुणी भांडत नाही.

मोजणी : क्रियापदाची मापं

चिनी नामांना मापशब्द लागतात, हे पहिल्या आठवड्यातच कळतं. क्रियापदांनाही लागतात, हे जरा उशिरा कळतं. ‘त्स’ हे त्यांतलं सर्वांत साधं माप. काहीच सुचलं नाही तर ‘त्स’ वापरावं, निभावून जातं. पण बाकीची मापं ओळखीची झाली की बोलण्यात जान येते, आणि मराठी बोलणाऱ्याला ती समजावून द्यायला फार खटपट करावी लागत नाही, कारण आपल्याकडे ती शब्दरूपाने आहेतच.

‘पिएन’ म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा. पारायण म्हणा, आवर्तन म्हणा. ‘ना पन षू वो खान कुओ सान त्स, ई पिएन ये मेइ खान वान’ : ते पुस्तक मी तीनदा वाचायला घेतलं, पण एकदाही पूर्ण झालं नाही. ‘त्स’ फक्त प्रसंग मोजतं, ‘पिएन’ पूर्णत्व मोजतं. वर्गात शिक्षकाला ‘पुन्हा एकदा सांगा’ म्हणायचं असेल तर ‘च़ाय षुओ ई पिएन’, कारण पूर्ण वाक्य पहिल्यापासून हवं असतं.

‘थांग’ म्हणजे खेप, फेरी, हेलपाटा : जाऊन परत येणं. ‘वो छ्यू ल लिआंग थांग ईयुआन’, दवाखान्यात दोन खेपा झाल्या. जाण्या-येण्याच्या क्रियापदांनाच ते शोभतं. वाचण्याच्या किंवा खाण्याच्या खेपा होत नाहीत. ‘हुइ’ हे जवळपास ‘त्स’सारखंच, बोलीतलं, थोडं घरगुती.

‘तुन’ हे माप मजेशीर आहे. जेवण, शिव्या आणि मार या तिन्हींना ते एकच. ‘ई थिएन छ सान तुन फ़ान’ म्हणजे दिवसातून तीन वेळचं जेवण, ‘मा ल था ई तुन’ म्हणजे त्याला एकदा चांगलं झापलं, ‘ता ल था ई तुन’ म्हणजे बदडून काढलं. एका बैठकीत पोटभर होतं ते ‘तुन’. मारही आपण ‘खातो’, शिव्याही ‘खातो’, तेव्हा आपण यावर हसायला नको.

‘शिआ’ म्हणजे एक ठोका, एक झटका. ‘छिआओ ल सान शिआ मन’ : दारावर तीन थापा मारल्या, एकाच भेटीत, टकटकटक. ‘छिआओ ल सान त्स मन’ : तीन वेगवेगळ्या वेळी येऊन दार वाजवलं. क्रियापद तेच, माप बदललं की गोष्ट बदलते.

शरीराचे अवयवही मापं बनतात. ‘खान ई येन’, शब्दशः ‘एक डोळा पाहणं’, म्हणजे एक नजर टाकणं. ‘थी ई चिआओ’, ‘एक पाय मारणं’, म्हणजे एक लाथ. ‘एक नजर’, ‘एक लाथ’ हे आपणही म्हणतोच की.

आकड्यात एकच पथ्य : एकट्या दोनला इथे ‘लिआंग’, ‘अर’ नाही. ‘लिआंग त्स’ दोनदा. पण ‘ती-अर त्स’ दुसऱ्यांदा आणि ‘षअर त्स’ बारा वेळा, कारण क्रमवाचकात आणि मोठ्या आकड्याच्या शेपटीला ‘अर’च लागतो.

कर्म आलं की कुठे बसवायचं?

खरी गर्दी इथे होते. क्रियापदानंतर मोजणी येते, हे पाठ झालं. पण कर्मही क्रियापदानंतरच येतं. मग दोघांतलं आधी कोण?

कर्म साधं नाम असेल तर मोजणी आधी, नाम नंतर : ‘छ कुओ लिआंग त्स चोंगकुओ त्साय’, चिनी जेवण दोनदा खाल्लंय. औषधाचंही असंच : ‘ई थिएन छ सान त्स याओ’. (चिनीत औषध ‘खातात’, घेत नाहीत. पातळ असलं तरी.)

कर्म सर्वनाम असेल तर उलट. सर्वनाम क्रियापदाला चिकटतं आणि मोजणी मागे ढकलली जाते : ‘वो चिएन कुओ था सान त्स’, मी त्याला तीनदा भेटलोय. ‘चिएन कुओ सान त्स था’ म्हटलं की चिनी माणसाच्या कानाला खडा लागतो. कारण समजून घेतलं तर हे लक्षात राहतं. वाक्याची शेवटची जागा नव्या माहितीची असते. ‘तो’ कोण, हे दोघांना आधीच माहीत आहे, नवं आहे ते ‘तीनदा’. म्हणून ओळखीचं पुढे, नवं शेवटी.

माणसाचं किंवा गावाचं नाव असेल तर दोन्ही चालतं : ‘छ्यू कुओ सान त्स पेइचिंग’ आणि ‘छ्यू कुओ पेइचिंग सान त्स’. परीक्षेत यावरून गुण जात नाहीत.

कर्म लांबलचक असेल, किंवा ‘हे पुस्तक’, ‘तो सिनेमा’ असं ठरावीक असेल, तर सगळ्यांत सोयीचा मार्ग म्हणजे ते उचलून वाक्याच्या तोंडाशी ठेवणं : ‘च पन षू वो खान ल लिआंग पिएन’, हे पुस्तक मी दोनदा वाचलं. मराठीतही आपण सहज हेच करतो, त्यामुळे ते आपोआप जमतं. अडलात की हाच दरवाजा वापरा.

आता सगळ्यात जास्त चुका कशात होतात, तर जोडक्रियापदांत. ‘चिएनमिएन’ (भेटणं), ‘शीच़ाओ’ (आंघोळ करणं), ‘यौयोंग’ (पोहणं), ‘चिएहुन’ (लग्न करणं), ‘लीफ़ा’ (केस कापणं) हे शब्द एकसंध दिसतात, पण आतून क्रियापद अधिक कर्म असे आहेत. ‘चिएन’ पाहणं, ‘मिएन’ चेहरा. मोजणी मधल्या फटीत शिरते :

ई थिएन शी लिआंग त्स च़ाओ – दिवसातून दोनदा आंघोळ.
ई क युए ली ई त्स फ़ा – महिन्यातून एकदा केस कापणं.
था चिए कुओ लिआंग त्स हुन – त्याचं दोनदा लग्न झालंय.

मराठीत ‘आंघोळ दोनदा करतो’ आणि ‘दोनदा आंघोळ करतो’ दोन्ही सुखाने नांदतात, म्हणून ही फट आपल्या डोळ्यांना दिसत नाही. ‘मेइ चौ चिएनमिएन ई त्स’ असं न फोडलेलं रूप लेखी चिनीत आढळतं, तेव्हा ते अगदी अशक्य आहे असं नाही. पण बोलताना आणि परीक्षेत फोडलेलं रूपच बिनधोक. त्यासाठी शब्दकोश पाहताना एक सवय लावून घ्या : दोन अक्षरी क्रियापद शिकलात की त्यातलं दुसरं अक्षर नाम आहे का, ते विचारा. असेल तर फट आहे.

मोजणी क्रियापदाच्या आधी दिसलीच नाही असं मात्र नाही. बातम्यांच्या भाषेत ‘सान त्स’ क्रियापदाआधी येऊन बसतं, अमुक नेता तीनदा भेटीला आला वगैरे. आणि ‘तुओ त्स’ (अनेकदा) हा शब्द तर क्रियापदाआधीच शोभतो. पण तो लेखी, भारदस्त सूर. चहा पिताना तसं बोललात तर निवेदन वाचल्यासारखं वाटेल.

नेहमी, बहुधा, सारखं, उठसूट

मोजायचं नाही, नुसतं ‘किती वारंवार’ ते सांगायचं, तर क्रियाविशेषणं. जागा ठरलेली : कर्त्यानंतर, क्रियापदाआधी, आणि ‘कुठे’ सांगणाऱ्या शब्दांच्याही आधी. ‘वो छांगछांग च़ाय थूषूक्वान खान षू’ : मी पुष्कळदा ग्रंथालयात वाचतो. मराठीत ‘मी ग्रंथालयात पुष्कळदा वाचतो’ही चालतं. चिनीत ‘छांगछांग’ला पुढची खुर्ची द्यावी. ‘यौ ष-हौ’ (कधीकधी) मात्र कर्त्याच्याही आधी बसू शकतं.

‘छांगछांग’ आणि ‘चिंगछांग’ यांत फार फरक नाही. दुसऱ्यात नियमितपणाचा वास थोडा अधिक. नकारात मात्र फरक पडतो : ‘पू चिंगछांग’ चालतं, पण ‘पू छांगछांग’ सहसा म्हणत नाहीत, ‘पू छांग’ म्हणतात. ‘वो पू छांग छ्यू’, मी फारसा जात नाही.

‘वांगवांग’ शब्दकोशात ‘छांगछांग’च्या शेजारी, त्याच अर्थाने दिलेला असतो. तिथेच फसगत होते. ‘वांगवांग’ म्हणजे आजवरच्या अनुभवावरून बांधलेला अंदाज, आपलं ‘बहुधा असंच होतं’. त्याला काहीतरी अट किंवा प्रसंग जोडावा लागतो : ‘शिंगछीथिएन था वांगवांग पू च़ाय चिआ’, रविवारी तो बहुधा घरी नसतो. नुसतं ‘था वांगवांग लाय’ लटकतं राहतं. आणि भविष्याला किंवा इच्छेला ते अजिबात चालत नाही. ‘वारंवार येत जा’ हे ‘छांगछांग’नेच सांगायचं.

‘च़ोंगष’ म्हणजे नेहमी, दर वेळी. ‘लाओष’ म्हणजेही तेच, पण वैतागून. ‘नी लाओष छ-ताओ!’ : तू सारखा उशिरा येतोस! हा ‘सारखा’ अगदी नेमका बसतो. पण मराठीतला ‘सारखा’ दोन कामं करतो. ‘सारखा उशीर करतो’ म्हणजे पुन्हा पुन्हा, आणि ‘सारखा पाऊस पडतोय’ म्हणजे न थांबता. दुसऱ्याला चिनीत ‘ईच’ लागतो : ‘यू ईच च़ाय शिआ’. तुटक आवर्तनाला ‘लाओष’, अखंड धारेला ‘ईच’.

‘उठसूट’साठी चिनीत ‘तोंगपूतोंग चिउ’ आहे : ‘था तोंगपूतोंग चिउ षंगछी’, तो उठसूट चिडतो. शब्दशः ‘हलला-न हलला की लगेच’. आपल्या उठसूटप्रमाणेच तेही फक्त नावडत्या गोष्टींना वापरतात. कुणी उठसूट मदत करत नाही. नेहमीच्या तक्रारीच्या सुरात ‘सान थिएन लिआंग थौ’ असंही ऐकू येईल, दर दोन-तीन दिवसांनी या अर्थी. त्यातले आकडे मोजायचे नसतात.

खालच्या टोकाला ‘औअर’ (अधूनमधून) आणि ‘हन षाओ’ (क्वचितच). ‘हन षाओ छ्यू’ म्हणजे क्वचित जातो. नकार शब्दात मुरलेला आहे, वर ‘पू’ लावू नये.

नाही कुठे ठेवायचा?

‘तो रोज येत नाही.’ हे मराठी वाक्य दोन तऱ्हांनी ऐकता येतं : काही दिवस येतो, काही दिवस नाही, किंवा एकही दिवस येत नाही. आपण सुरावरून, आगापिछा पाहून समजून घेतो. चिनीत आधीच ठरवून बोलावं लागतं :

था पू ष मेइ थिएन तौ लाय – रोजच्या रोज येतो असं नाही.
था मेइ थिएन तौ पू लाय – रोजच गैरहजर.

ज्याच्या आधी ‘पू’, त्यालाच नकार. पहिल्या वाक्यात ‘रोज’ नाकारलंय, दुसऱ्यात ‘येणं’. ‘पू च़ोंगष’ (नेहमीच असं नाही) आणि ‘च़ोंगष पू’ (दर वेळी नकारच) यांतही हाच फरक.

‘कधीच नाही’साठी ‘त्सोंगलाय’, पण त्याचे दोन रस्ते आहेत. सवय किंवा तत्त्व असेल तर ‘पू’ : ‘त्सोंगलाय पू छ रौ’, मांस कधीच खात नाही. अनुभव नसेल तर ‘मेइ … कुओ’ : ‘त्सोंगलाय मेइ छ कुओ रौ’, मांस कधी खाल्लेलंच नाही. ‘कुओ’ विसरलात तर दुसरं वाक्य लंगडं होतं.

आणि ‘एकदाही नाही’ असेल तर मोजणी चक्क उडी मारून क्रियापदाच्या आधी जाते : ‘वो ई त्स ये मेइ छ्यू कुओ’, मी एकदाही गेलो नाही. ‘ये’ म्हणजे इथे आपला ‘ही’. ई त्स ये – एकदा ही. चिनी व्याकरणात असे प्रसंग थोडेच, जिथे मराठी वाक्य शब्दागणिक उचलून ठेवलं तरी बरोबर येतं.

‘ल’, ‘कुओ’ आणि आपलं ‘जायचो’

‘मी पूर्वी पेइचिंगला पुष्कळदा जायचो.’ भूतकाळ आहे, म्हणून हात आपोआप ‘ल’कडे जातो. तो आवरायचा. ‘वो ईछिएन छांगछांग छ्यू पेइचिंग’, बस. ‘ल’ भूतकाळाची खूण नाही, ती पूर्ण झालेल्या, कुंपण घातलेल्या घटनेची खूण आहे. सवयीला कुंपण नसतं. मराठीत ‘गेलो’ आणि ‘जायचो’ ही वेगळी रूपं आहेत, त्यामुळे कसोटी सोपी आहे : मराठीत ‘-यचो, -यची, -यचं’ येत असेल तर चिनीत ‘ल’ नको.

मोजणी आली की कुंपण आलं, म्हणून तिथे ‘ल’ चालतो : ‘छ्यूनिएन वो छ्यू ल सान त्स पेइचिंग’, गेल्या वर्षी तीनदा गेलो. आजवरच्या आयुष्याचा हिशेब द्यायचा असेल तर ‘छ्यू कुओ सान त्स’. आणि ‘छ्यू ल सान त्स ल’ असे दोन ‘ल’ लावले तर ‘तीन झाल्या, अजून होतील’ असा अर्थ निघतो. सध्याच्या सवयीला मात्र यांतलं काहीच नको, लेखाच्या सुरुवातीचं ‘ई क शिंगछी छ्यू सान त्स’ नुसतं उघडं क्रियापद वापरतं ते यामुळेच.

‘एकदा’ हा मराठी शब्द जरा बेरकी आहे. मोजणीतला ‘एकदा’ म्हणजे ‘ई त्स’, क्रियापदानंतर. गोष्टीतला ‘एकदा काय झालं’ म्हणजे ‘यौ ई त्स’, वाक्याच्या सुरुवातीला. आणि ‘एकदाचं संपलं’ मधला सुस्कारा ‘चोंगयू’ या वेगळ्याच शब्दाने सोडायचा. ‘परत’चेही असेच दोन तुकडे होतात : घडून गेलं असेल तर ‘यौ’ (‘यौ लाय ल’, परत आला), घडायचं असेल तर ‘च़ाय’ (‘च़ाय लाय’, परत या). अपवाद चक्राने फिरणाऱ्या गोष्टींचा. त्या भविष्यातल्या असल्या तरी ‘यौ’च घेतात : ‘मिंगथिएन यौ ष शिंगछी ई’, उद्या परत सोमवार.

विचारायचं कसं?

‘नी तुओ चिउ हुइ ई त्स चिआ?’ शब्दशः ‘तू किती काळाने एकदा घरी जातोस?’ इथे ‘तुओ चिउ’ (किती काळ) चौकटीच्या जागी आणि ‘ई त्स’ मोजणीच्या जागी. उत्तरात फक्त चौकट बदलायची : ‘लिआंग क युए हुइ ई त्स’, दोन महिन्यांतून एकदा. प्रश्नातला ‘ई त्स’ गाळला तर ‘किती वेळाने घरी जाणार?’ असं काहीतरी भलतंच ऐकू जातं, म्हणून तो सोडू नका. चौकट ठाऊक असेल आणि आकडाच हवा असेल तर ‘ई क शिंगछी छ्यू ची त्स?’ उत्तर दहाच्या आतलं अपेक्षित असेल तर ‘ची’, मोठं असेल तर ‘तुओषाओ’. ‘ची त्स’ प्रश्नाबाहेर आलं तर ‘काही वेळा’ असा अर्थ होतो, आणि ‘हाओ ची त्स’ म्हणजे ‘चांगलं बऱ्याच वेळा’.

एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या सहा पातळ्यांच्या रचनेत तिसऱ्या पातळीवर लेखनाचे पहिले ५ आणि चौथ्या पातळीवर पहिले १० प्रश्न विस्कटलेले शब्द लावून वाक्य करण्याचे असत. वारंवारतेची वाक्यं तिथे हमखास पडावीत अशीच आहेत, कारण प्रत्येक शब्दाला ठरलेली खुर्ची असते. समजा असे तुकडे मिळाले : ‘मिएन’, ‘लिआंग त्स’, ‘वोमन’, ‘चिएन’, ‘ई क युए’. आधी क्रियापद शोधा : चिएन. काळाची चौकट त्याच्या डावीकडे : ई क युए. मोजणी उजवीकडे : लिआंग त्स. उरला ‘मिएन’. तो एकटा फिरताना दिसला की समजायचं, जोडक्रियापद फोडलेलं आहे आणि याची जागा मोजणीच्या मागे. कर्ता ‘वोमन’ सगळ्यांच्या पुढे. ‘वोमन ई क युए चिएन लिआंग त्स मिएन.’ आम्ही महिन्यातून दोनदा भेटतो. तुकड्यांत ‘ल’ नाही, याचीही एकदा खात्री करून घ्या. असता, तर ही सवय नसून झालेल्या दोन भेटींचा हिशेब असता आणि तो ‘चिएन’च्या लगेच मागे बसला असता.